इटालियन नोकरवर्गांचे इंग्रजी भाषांतर

इटलीतील नोकरदारांच्या कायदेशीर वर्गांना व श्रेणींना इंग्रजी प्रतिशब्द देण्याची गरज नेमणूकपत्रे, वेतनपत्रके व न्यायालयीन कागदपत्रे भाषांतरित करताना पडते. 1942 च्या इटालियन दिवाणी संहितेच्या कलम 2095 मध्ये सध्या चार वर्ग आहेत : दिरिजेंते (उच्च व्यवस्थापकीय अधिकारी), क्वाद्रो (त्याच्या खालचा, पण संस्थेची उद्दिष्टे साधण्यात महत्त्वाची जबाबदारी सतत पार पाडणारा), इंपिएगातो (निव्वळ अंगमेहनतीपलीकडचे काम करणारा कर्मचारी) आणि ओपेराइओ (कामगार). यांपैकी क्वाद्रो हा वर्ग 1985 च्या 190 क्रमांकाच्या कायद्याने आला. ऑक्टोबर 1980 मध्ये फियात मोटार कंपनीतील संपाविरुद्ध तूरीनमध्ये निघालेल्या ‘चाळीस हजारांच्या मोर्चा’ने मधल्या फळीतील नोकरांच्या स्वतंत्र वर्गाच्या मागणीला जोर आणला होता.

इंपिएगातोसाठी सर्रास ‘एम्प्लॉयी’ लिहिले जाते, पण चारही वर्ग एम्प्लॉयीच असल्याने त्यातून काहीच वेगळे कळत नाही. त्यापेक्षा ‘व्हाइट-कॉलर’ किंवा ‘क्लेरिकल अँड टेक्निकल स्टाफ’ बरे. ओपेराइओला नुसते ‘वर्कर’ म्हणणे ब्रिटनमध्ये धोक्याचे ठरते, कारण तेथील 1996 च्या रोजगार हक्क कायद्यात ‘वर्कर’ ही ‘एम्प्लॉयी’हून व्यापक अशी स्वतंत्र संज्ञा असून तिच्या वाट्याला हक्क मात्र कमी येतात. क्वाद्रोचे ‘मिडल मॅनेजर’ हे रूढ भाषांतर चालण्यासारखे असले, तरी हाताखाली एकही माणूस नसलेला तज्ज्ञही क्वाद्रो असू शकतो, याचा त्यात पत्ता लागत नाही.

सर्वांत जपून हाताळावा लागतो तो दिरिजेंते. ‘डायरेक्टर’ म्हटले की ब्रिटिश वाचकाच्या मनात कंपनीच्या संचालक मंडळाचा सदस्य उभा राहतो. इटालियनमध्ये त्याला ‘अम्मिनिस्त्रातोरे’ म्हणतात आणि तो नोकर असेलच असे नाही. दिरिजेंते मात्र नोकरच असतो, फक्त 1966 च्या 604 क्रमांकाच्या कायद्याने अन्यायी बडतर्फीविरुद्ध इतरांना दिलेले संरक्षण त्याला सामान्यतः लागू होत नाही आणि कामाच्या तासांच्या बहुतेक मर्यादाही त्याला बांधत नाहीत. ‘एक्झिक्युटिव्ह’ हा शब्द त्यामुळे अधिक जवळचा, मात्र अमेरिकेत 1938 च्या वेतनविषयक कायद्यात जादा कामाच्या भत्त्यातून वगळण्याच्या निकषांमध्ये तोच शब्द पारिभाषिक अर्थाने येतो, हे विसरून चालत नाही.

वर्गांखालच्या श्रेणी (लिव्हेल्लो) उद्योगवार राष्ट्रीय सामूहिक करारांनी ठरतात. व्यापार क्षेत्राच्या करारात पहिली श्रेणी वरची व सातवी तळाची; धातुउद्योगात जुने आकडे उलट, म्हणजे चढत्या क्रमाने होते आणि 2021 मध्ये त्यांची जागा डी-1 पासून ए-1 पर्यंतच्या श्रेणींनी घेतली. साहजिकच कराराचे नाव न देता ‘लेव्हल 5’ असे लिहिलेल्या भाषांतरावरून नोकर वरचा की खालचा, एवढेही कळत नाही. म्हणून जाणते भाषांतरकार मूळ संज्ञा तशीच ठेवतात, प्रथम येईल तेथे तिच्यापुढे छोटे इंग्रजी स्पष्टीकरण देतात आणि श्रेणीसोबत कराराचे नाव लिहितात.