विठाबाईंच्या पाठीवर नंबर नव्हता

इंग्लंडमध्ये समुद्रकाठी ब्लॅकपूल नावाचं गाव आहे. तिथल्या विंटर गार्डन्समधल्या एम्प्रेस बॉलरूममध्ये १९२० पासून नाचाच्या स्पर्धा भरतात. बॉलरूम डान्स करणाऱ्यांची ती पंढरीच. पुरुष टेलकोटात, पाठीवर कागदी नंबर, बायका घेरदार झग्यात, आणि एकेक नाच जेमतेम दीड-दोन मिनिटांचा. मला सगळ्यात आवडली ती तिथली निकाल लावायची पद्धत. फायनलला परीक्षक मार्क देतच नाहीत, क्रम लावतात. ही जोडी पहिली, ही दुसरी, ही तिसरी. निम्म्याहून जास्त परीक्षकांनी जिला पहिलं ठरवलं ती जोडी पहिली. कुणालाच बहुमत नसेल तर पहिला-दुसरा मिळून मोजायचं, आणि असंच पुढे. याला म्हणतात स्केटिंग सिस्टीम. नाव आलं बर्फावरच्या स्केटिंगच्या निकालपद्धतीवरून, आणि अल्गोरिदम म्हणून एकदम सुबक. कागदावर मांडून बघा, मजा येते.

हे सगळं वाचत असताना डोक्यात एकच भुंगा होता. आपल्याकडे चढाओढीने, जिंकण्यासाठी नाचणारं कोण होतं? टीव्हीवरचे रिअॅलिटी शो सोडून द्या, ते कालपरवाचे. मला म्हणायचंय ती पोटासाठीची चढाओढ, आयुष्यभराची.

उत्तर माझ्या नेहमीच्या रस्त्यावरच होतं. मी वणीचा, नोकरी पुण्यात. शुक्रवारी रात्री एसटीत बसलं की मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर करत नाशिक, आणि तिथून पुढे दिंडोरीवरून वणी. आपण नारायणगावला मिसळ खातो आणि पुढे जातो. पण तमाशाच्या जगात हे गाव म्हणजे राजधानी. चैत्रात खानदेशातले लोक पायी सप्तशृंगीच्या गडाकडे निघतात, त्याच दिवसांत नारायणगावात फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, भाव करतात आणि सुपारी देऊन जातात. गुढीपाडव्याला तर नुसती झुंबड.

याच नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग. जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. विठ्ठलाच्या गावात जन्मली म्हणून नाव विठा, असं सांगतात. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला, पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावाने तो गाजवला. आडनाव खुडे, पण बोर्डावर जात. आपण आज फॉर्मवर जातीचा कॉलम आला की कसेनुसे होतो, आणि यांनी ती तिकीटखिडकीवर लावली होती. पोरगी लहानपणापासून घुंगरं बांधून उभी. शाळेत फारशी गेलीच नाही.

थोडं मागे जायला हवं. तमाशात एकेकाळी बाईचं काम पुरुषच करत, नाच्या पोऱ्या. बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून नाव घेतात ते पवळा हिवरगावकरणीचं. हे हिवरगाव पावसाही याच महामार्गावर, संगमनेरजवळ. पट्ठे बापूरावांची लेखणी आणि पवळेची अदा यांनी मुंबई वेडी केली होती. म्हणजे विठाबाईंच्या आधी बाईने बोर्ड जिंकून झाला होता. पण स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. मग ओरड झाली, दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, अटी घालून परवानगी मिळाली. विठाबाई तेव्हा ऐन पंधराच्या आसपास. आणि याच कलेसाठी १९५७ साली त्यांना राष्ट्रपती पदक मिळालं! नऊ-दहा वर्षांत बंदी ते दिल्ली. सरकार नावाच्या गोष्टीचा हिशोब मला कधी लागलेला नाही, असो.

आता स्पर्धेकडे. शाहिरीत सामना जुनाच आहे. कलगीवाले शक्तीला थोर मानणार, तुरेवाले शिवाला, आणि रात्रभर सवाल-जवाब. विठाबाईंच्या काळात मात्र खरा सामना तंबूंचा होता. मोठ्या यात्रेत तीन-चार फड शेजारी शेजारी उतरायचे. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि मग पहाटेपर्यंत वग, सगळ्यांचा साचा एकच. ढोलकी-हलगीचा आवाज इकडून तिकडे जाणार. प्रेक्षक बाहेर उभा राहून ठरवणार की पैसे कुठल्या खिडकीवर टाकायचे. आत बसलेला माणूस खूश झाला तर दौलतजादा, बिनसलं तर शिट्ट्या, खडे, प्रसंगी तंबूच्या कनाती फाडणं. निकाल तिथल्या तिथे. बॉलरूमवाल्याला दीड मिनिट नाचून दाखवायचं असतं, इथे सहा-सात तास. दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रक भरायचा, पुढचं गाव. दसऱ्याला नारळ फोडून निघालेला फड थेट वैशाखात परत. विठाबाई यात टिकल्या, नुसत्या टिकल्या नाहीत तर तमाशासम्राज्ञी झाल्या. नाच, लावणी, वगातली भूमिका, तिन्ही हातचं. चीन युद्धाच्या काळात सीमेवर जाऊन जवानांसमोरही त्यांनी कला सादर केली.

त्यांच्याबद्दलचा एक किस्सा तुम्ही नक्की ऐकला असेल. नऊ महिने भरलेले, खेळ चालू, कळा सुरू झाल्या. विठाबाई मागे गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडाने ठेचून तोडली आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. प्रेक्षकांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला, असंही सांगतात. मोबाईलवर हा किस्सा फिरत असतो, बहुतेक वेळा 'याला म्हणतात कलेवरची निष्ठा' अशा शेपटासकट. मला त्या शेपटाचा राग येतो. निष्ठा असेलच हो, पण आधी हे विचारा ना की नववा महिना भरलेली बाई त्या रात्री बोर्डावर होतीच का?

कारण सुपारी तिच्या नावावर होती. आमच्या धंद्यात 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. सगळी सिस्टीम ज्या एका सर्व्हरवर उभी असते तो बंद पडला की सगळंच बंद. म्हणून शहाणा माणूस दुसरा सर्व्हर तयार ठेवतो. फडाला तो परवडत नाही. गावाने पैसे मोजलेत ते विठाबाई नाचणार म्हणून. ती नाचली नाही तर सुपारी परत, तिकिटं परत, आणि वर तंबूचं काय होईल ते सांगता येत नाही. ढोलकीवाला, सोंगाड्या, पोरी, आचारी, ट्रक ड्रायव्हर, तंबू ठोकणारे मजूर, मोठ्या फडात शंभरेक माणसं असतात. ती सगळी एका बाईच्या घोट्यावर उभी. ब्लॅकपूलची जोडीदारीण गरोदर राहिली तर जोडी एखादं वर्ष स्पर्धा सोडते, शिकवण्या घेते. इथे थांबायची सोयच नव्हती.

आणि तरीही पैसा हातात का राहिला नाही? १९९० साली पुन्हा राष्ट्रपतींकडून सन्मान, आणि २००२ च्या जानेवारीत गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भरलं. यावर 'कलावंताची उपेक्षा' हे दोन शब्द लिहून मोकळं होता येतं. योगीराज बागूल यांचं 'तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा' हे पुस्तक जरूर वाचा, त्यात ही परवड आहेच. पण मला उपेक्षेपेक्षा ताळेबंद जास्त सतावतो. बघा, कमाईचे महिने सात. माणसं बांधून ठेवायची तर हंगामाच्या आधी, ऐन पावसाळ्यात, जेव्हा एक रुपया येत नसतो तेव्हा, प्रत्येकाला उचल द्यावी लागते. नाही दिली तर चांगला सोंगाड्या शेजारच्या फडात. ही उचल मालक आणतो कुठून? सावकाराकडून. म्हणजे दसऱ्याला नारळ फुटायच्या आधीच फड कर्जात. मग अवकाळी पाऊस एकदा आला, एखाद्या गावात दंगा झाला, ट्रक घाटात बंद पडला की ती रात्र गेली. व्याज मात्र रोज चालू. ज्या वर्षी यात्रा उत्तम जातात त्या वर्षी कर्ज फिटतं, आणि आषाढात नवं घेतलं जातं.

थोडक्यात, नाचणारीनेच कंपनी चालवायची, कर्जही तिच्याच नावावर आणि धंद्याचा मालही तिचंच शरीर. वय झालं की माल संपतो, कर्ज राहतं. पदक गहाण ठेवता येत नाही. टाळ्या वाजवणाऱ्या दिल्लीने किंवा मुंबईने पावसाळ्यातल्या उचलीसाठी साध्या बँकेच्या व्याजाची सोय केली असती तर? मला वाटतं, विठाबाईंना दुसऱ्या पदकापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला असता.

२००६ पासून महाराष्ट्र सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. पहिला मिळाला संगमनेरच्या कांताबाई सातारकरांना, ज्यांनी वगात शिवाजी महाराजांची भूमिका केली होती. पुढे आमच्या नाशिकच्या राधाबाई खोडे यांनाही मिळाला, आणि विठाबाईंची मुलगी मंगला बनसोडे यांनाही. मंगलाताईंनी आईसारखाच स्वतःचा फड काढला आणि गावोगाव फिरवला.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. आपण लॅपटॉप घरी घेऊन आलो होतो आणि रोजच्या मीटिंगा तशाच चालू होत्या. देशभरचा लॉकडाऊन सुरू झाला तो नेमका त्याच दिवशी, म्हणजे सगळ्यात मोठ्या सुपाऱ्या ठरायच्या दिवशी. यात्रा रद्द झाल्या, फड वाटेतूनच परत फिरले. पुढच्या वर्षीच्या यात्राही गेल्या. मालकांनी दिलेली उचल तोवर माणसांच्या घरी खर्च होऊन गेली होती, आणि सावकाराचं व्याज चालूच होतं.