जुन्या मोटारीचा कार्बुरेटर

दसऱ्याच्या सायंकाळीं कोल्हापूरच्या दसरा चौकांत छत्रपतींच्या घराण्यांतील मंडळी ज्या मेबॅक मोटारींतून येतात, ती राजाराम महाराजांच्या कारकीर्दींतील होय. तिजवर ज्या जर्मन घराण्याचें नांव आहे, त्यांतीलच विल्हेल्म मेबॅक यानें १८९३ सालीं फवाऱ्याचा कार्बुरेटर सिद्ध केला, हें सोहळा पाहणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. तत्पूर्वीं पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिजबरोबर वाफ खेंचून घेत. मेबॅकनें बारीक छिद्रांतून पेट्रोलचा फवाराच हवेच्या झोतांत सोडला. त्याच वर्षीं, कांहीं महिने अगोदर, हंगेरींत बांकी व चोंका यांनीं तशाच युक्तीचें पेटंट मागितलें होतें. तेव्हां श्रेय वांटून देणेंच न्याय्य. पुढें इंग्लंडांत स्किनर बंधूंनीं एस. यू. कार्बुरेटर काढला. घराणें पादत्राणांच्या व्यापारांतलें. म्हणूनच कीं काय, त्यांच्या पहिल्या यंत्रांतला भाता चामड्याचा होता! कोल्हापूरकरांस याचें कौतुक वाटावें.

मेबॅक कारखान्यानें १९२१ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत मोटारी बांधल्या त्या सुमारें अठराशें. अशा गाडीचा सुटा भाग दुकानांत कोठून मिळणार? अँबॅसडरचेंही उत्पादन २०१४ सालीं थांबलें. मग वापरलेला किंवा दुरुस्त केलेला कार्बुरेटर शोधणें आलें, आणि येथेंच गिऱ्हाईक बाहेरच्या लकाकीस भुलतें. खरी झीज असते ती झडपेच्या दांडीच्या भोंकांत. तेथून चोरटी हवा शिरली कीं मिश्रणांत पेट्रोल कमी पडतें. मग जेट कितीही बदलले तरी इंजिन संथ गतीवर ठरत नाहीं. दांडी बोटानें हलवून पाहावी. पितळी तरंगती डबी कानाशीं धरून हलवावी. आंत खळखळलें तर ती फुटकी. भोंक वाढवून नवें बुश बसविणें शिवाजी उद्यमनगरच्या लेथवाल्यास अवघड नाहीं. जेटचें छिद्र मात्र कोणासही तारेनें कोरूं देऊं नये. सगळा हिशेब त्याच्या मापावर.

अलीकडे एक नवें विघ्न आलें आहे. ज्या उसावर या जिल्ह्याचा संसार चालतो, त्याचेंच इथेनॉल २०२३ पासून पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत मिसळूं लागलें. शेतकऱ्यास तें लाभाचें. परंतु जुन्या रबरी चकत्यांस तें मानवत नाहीं, शिवाय तें ओलावा खेंचतें, आणि जस्ताच्या ओतीव अंगावर पांढरी बुरशी धरल्यासारखा गंज चढतो. तेव्हां आंतल्या चकत्या इथेनॉल सोसणाऱ्या आहेत कीं नाहींत, हें विक्रेत्यास आधीं विचारावें. पैसे मागाहून मोजावे.