नदीच्या पात्राचे माप

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठी नदीचे अस्तित्व शहराला नव्याने उमगले. तेव्हापासून तिची चर्चा रुंदी आणि खोली या दोन शब्दांभोवती फिरते. अभियंत्याचे मात्र तेवढ्यावर भागत नाही. त्याला हवा असतो काटछेद, म्हणजे पात्र आडवे कापल्यास दिसेल ती आकृती.

त्यासाठी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, प्रवाहाशी काटकोनात रेषा आखली जाते. डावा-उजवा काठ प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवायचा, हा संकेत. रेषेवर ठिकठिकाणी तळाची उंची समुद्रसपाटीच्या संदर्भाने मोजतात. उथळ पाण्यात दुर्बिणीने, खोल पाण्यात होडीवरील ध्वनिलहरींच्या यंत्राने. तळ जेथे एकाएकी बदलतो तेथे बिंदू अधिक घ्यावे लागतात, अन्यथा नेमका खोल चर निसटतो. लगतच्या बिंदूंमधील समलंब पट्ट्यांची बेरीज म्हणजे पात्राचे क्षेत्रफळ.

क्षेत्रफळ सारखे असले तरी आकाराने मोठा फरक पडतो. ६० मीटर रुंद व २ मीटर खोल आणि ३० मीटर रुंद व ४ मीटर खोल, अशा दोन चौकोनी पात्रांचे क्षेत्रफळ १२० चौरस मीटरच. परंतु पाणी जेथे तळाला व काठांना घासते तो ‘ओला परीघ’ पहिल्यात ६४ मीटर, दुसऱ्यात ३८. आयरिश अभियंते रॉबर्ट मॅनिंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार, उतार व खडबडीतपणा समान असल्यास, दुसऱ्या पात्रात पाण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी अधिक असतो. गाळाने पात्र उथळ झाले की क्षेत्रफळ घटते आणि वेगही मंदावतो. (माहीमच्या मुखाशी भरतीच्या वेळी हे साधे गणित पुरत नाही, हे वेगळे.)

महाराष्ट्रातील पूररेषाही काटछेदांवरूनच आखल्या जातात. निळी २५ वर्षांतून, तर लाल १०० वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची. भराव पडून पात्र बदलले, तर जुन्या मापांवरील रेषा फसवी ठरते.

गाळउपशाचा हिशेबही ट्रकच्या फेऱ्यांपेक्षा काटछेदाने चोख होतो. कामापूर्वी आणि कामानंतर त्याच जागी, त्याच बिंदूंवर माप घेतले की दोन आकृत्यांमधील अंतर म्हणजे प्रत्यक्ष निघालेला गाळ. मिठीच्या गाळउपशातील कथित गैरव्यवहाराबद्दल मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२५ मध्ये गुन्हा नोंदविला. अशा वेळी कंत्राटाच्या कागदांइतकाच नकाशावरचा काटछेदही मागायला हवा.