आजीच्या कृष्णकमळाला फळ का धरत नव्हतं?

आजच्या एपिसोडमध्ये राजे नाहीत, लढाया नाहीत. म्हणजे एक लढाई आहे, पण ती फुलात आहे. सांगते.

माझं आजोळ राजापूरजवळ. तिथे पडवीच्या खांबावर कृष्णकमळाचा वेल आहे, मी जन्मायच्या आधीपासूनचा. लहानपणी आजी एक फूल तळहातावर घेऊन समजावायची: ही बाहेरची जांभळी झालर म्हणजे शंभर कौरव. आतले पाच म्हणजे पांडव. त्यावरचे तीन म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. आणि सगळ्यांच्या मधोमध कृष्ण. मी एकदा खरंच झालरीचे तंतू मोजायला बसले. शंभर काही भरेनात. आजी शांतपणे म्हणाली, "अगं, काही पळाले असतील रणातून."

मग मी विचारलं होतं, की आजी, एवढी फुलं येतात, पण फळ का नाही धरत? ती म्हणाली, "देवाचं फूल आहे ते. फळाची आशा कशाला?"

मला ते तेव्हा पटलं होतं. आता पटत नाही, कारण या वेलाला फळ येतं. हजारो वर्षं लोकांनी ते खाल्लंय. आपल्या वाट्याला नुसतं फूल आणि त्याची गोष्ट कशी काय आली, हा आजचा विषय.

पहिला धक्का. आपण ज्याला कृष्णकमळ म्हणतो ते मोठं, झालरीचं फूल मूळचं अमेरिका खंडातलं. या कुळातले दोन-चार लहान फुलांचे वेल भारतात पूर्वीपासून आहेत, पण हे आपलं जांभळं फूल नव्हे. मिरची, काजू, पेरू, बटाटा जिथून आले तिथूनच हेही आलं. म्हणजे कौरव-पांडवांची ही गोष्ट महाभारताइतकी जुनी असूच शकत नाही. युरोपची जहाजं समुद्र ओलांडायला लागल्यानंतर कधीतरी कुणीतरी हे फूल पहिल्यांदा हातात घेतलं असेल, मोजलं असेल आणि म्हटलं असेल, अरे, हे तर आपलं कुरुक्षेत्र! मला यात फसवणूक दिसत नाही. परक्या पाहुण्याला आपल्या पंगतीत बसवायची ही आपली पद्धत.

आता गंमत बघा. अगदी हेच दुसऱ्या टोकाला आधी घडून गेलं होतं. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश धर्मप्रचारकांनी हेच फूल मोजलं. त्यांना दिसला येशूचा क्रूस. झालर म्हणजे काट्यांचा मुकुट. पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा. वरची तीन टोकं म्हणजे तीन खिळे. दहा पाकळ्या म्हणजे दहा शिष्य. बारांपैकी दोन वजा, एक दगा देणारा यहूदा आणि दुसरा ओळख नाकारणारा पेत्र. वेलाचे स्प्रिंगसारखे ताणे म्हणजे चाबूक. रोममध्ये जाकोमो बोसिओ नावाचा लेखक क्रूसावर मोठा ग्रंथ लिहीत होता. त्याला मेक्सिकोहून आलेल्या एका साधूने या फुलाचं चित्र दाखवलं आणि 1610 च्या त्या ग्रंथात फूल जाऊन बसलं. पुढे 1753 मध्ये लिनियसने 'पॅसिफ्लोरा' हे नाव पक्कं केलं.

'पॅशन फ्रूट' ऐकून तुम्हाला प्रेमबीम आठवत असेल तर सॉरी. इथे पॅशन म्हणजे क्रूसावरच्या यातना. व्हॅलेंटाइनच्या मेन्यूवर हे फळ ठेवणाऱ्या कॅफेंना हे कुणी सांगू नका.

पण मला खरी उत्सुकता होती ती या दोन्ही गोष्टींच्या आधीची. ज्यांच्या अंगणात हा वेल मुळात होता, ते लोक याला काय म्हणायचे?

तर ते फळाचं नाव घ्यायचे. ब्राझीलमध्ये आजही या फळाला माराकुजा म्हणतात, तो तिथल्या तुपी लोकांचा शब्द. पहिल्या स्पॅनिश लोकांनीसुद्धा आधी फळच खाल्लं आणि त्याला 'ग्रानादिया' म्हटलं, म्हणजे छोटं डाळिंब. फुलाची गोष्ट नंतर वरून आली.

उत्तर अमेरिकेतली हकिकत तर अजून सरस आहे. तिथल्या जातीचं नाव पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा, बोलीत 'मेपॉप'. व्हर्जिनियात इंग्रजांची जेम्सटाउन वसाहत 1607 ला बसली. तिथला कॅप्टन जॉन स्मिथ 1612 च्या पुस्तकात लिहितो, की इथले लोक लिंबासारखं दिसणारं 'माराकॉक' नावाचं फळ लावतात. नीट ऐका, लावतात! इंग्रज यायच्या आधीपासून त्या शेतांत हा वेल होता.

आणि याचा पुरावा बियांत आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागात जुन्या वस्त्यांच्या खोदकामात मेपॉपच्या जळून कोळसा झालेल्या बिया सापडतात. क्रिस्टन ग्रेमिलियन या पुरातत्त्वज्ञ बाईंनी 1989 मध्ये यावर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की माणूस आणि हा वेल यांनी एकमेकांना धरून ठेवलं. मेपॉपला उकरलेली, मोकळी, उन्हाची जमीन आवडते. माणूस शेतासाठी जंगल साफ करतो, तिथे वेल आपसूक उगवतो, माणूस तो उपटत नाही, फळ खातो, बिया टाकतो, पुन्हा उगवतो. आपल्याकडे बांधावरची बोर कुणी लावलेली नसते, पण कुणी तोडतही नाही ना? तसंच काहीसं.

चेरोकी लोकांचा या फळाशी इतका घरोबा होता, की टेनेसीतल्या ओकोई नदीचं नाव त्यांच्या भाषेतल्या या वेलाच्या जागेवरून पडलंय. 1838 मध्ये अमेरिकन सैन्याने चेरोकींना त्या मुलखातून हाकलून शेकडो मैल पश्चिमेला चालवत नेलं. वाटेत हजारो मेले. नदीचं नाव राहिलं. 1996 च्या ऑलिंपिकमध्ये त्याच ओकोईवर होड्यांच्या शर्यती झाल्या. टेनेसीच्या राज्य रानफुलांत आज पॅशन फ्लॉवर आहे. फूल ठेवलं आणि फळ खाणाऱ्यांना घालवलं. हे वाचलं त्या रात्री मला आजीचं वाक्य वेगळंच ऐकू आलं.

मग मी आजीच्या वेलाचा मागोवा घेतला. आजीला तो मिळाला शेजारच्या काकूंकडून, काकूंना देवळाजवळच्या घरातून. आजीने पुढे निदान दहा घरांत दिला. कसा? फांदी तोडून, मातीत खोचून. अख्ख्या वाडीत कृष्णकमळ आहे आणि ते सगळे वेल म्हणजे एकच वेल आहे! फांदीपासून केलेलं रोप हे आईची हुबेहूब नक्कल असतं. आणि या जातीची खोड अशी, की स्वतःचे पराग तिला चालत नाहीत. दुसऱ्या, वेगळ्या वेलाचे लागतात. काळा भुंगा बिचारा रोज यायचा. झालरीवर बसून मध प्यायचा, वरून लोंबणारे पराग पाठीला फासून घ्यायचा, पुढच्या घरी जायचा. पण पुढच्या घरीही तोच वेल. एकमेकांना प्रेमाने फांद्या वाटून वाटून आम्ही त्या वेलाला पूर्ण एकटं पाडलं होतं.

दुकानात मिळणारं जांभळ्या सालीचं पॅशन फ्रूट ही वेगळी जात, ती सहसा स्वतःच्या परागावर फळते. पिवळ्या सालीचं मात्र पुन्हा परक्या परागाचंच. म्हणून ब्राझीलमध्ये जिथे भुंगे कमी पडतात तिथे मजूर दुपारी बागेत फिरून बोटांनी पराग लावतात. दुपारीच, कारण पिवळ्याचं फूल दुपारी उमलतं.

मी दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका ओळखीच्यांकडून बियांपासून वाढवलेलं त्याच जातीचं रोप आणलं आणि पडवीच्या दुसऱ्या खांबाला लावलं. पहिल्या वर्षी फक्त पानं, तीही सुरवंटांनी खाल्ली. गेल्या पावसाळ्यात दोन्हीकडे एकाच दिवशी फुलं आली. मी मेकअपच्या ब्रशने पराग इकडून तिकडे लावले. आजी खुर्चीत बसून बघत होती. म्हणाली, "भुंग्याची नोकरी लागली वाटतं तुला."

सहा फुलांपैकी दोन धरली. अंड्याएवढी हिरवी फळं, दोन महिने तशीच. तोडायची घाई करायची नाही. कच्चं फळ खायचं नाही, त्यात आणि पानांत विषारी सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. पिकलं की ते पिवळसर होतं, साल सुरकुतते आणि आपणहून गळतं. गळलेलं उचलायचं, हीच काढणी.

चव? आंबट-गोड, पेरूच्या जवळपास जाणारा वास, गर थोडाच, बियाच जास्त. आजीने चमच्याने खाल्लं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बिया टाकू नकोस."

बिया काढायच्या तर गरासकट दोन-तीन दिवस पाण्यात ठेवायच्या, म्हणजे गर आंबून सुटतो. मग गाळणीत चोळून धुवायच्या. काळ्या, खळगे पडलेल्या, कडक बिया निघतात. मेपॉपच्या बियांना थंडी लागते, म्हणून मी त्या ओल्या वाळूत घालून दोन महिने फ्रिजमध्ये ठेवल्यात, लोणच्याच्या बरणीशेजारी. उगवायला कधी कधी महिने लागतात. दोन फळांच्या मिळून एकसष्ट निघाल्या. आजीने दहा घरांची नावं सांगून ठेवलीत, आणि या वेळी प्रत्येक घराला वेगळी बी जाणार आहे.