भिंतीपलीकडची ठिणगी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह आणि लढाया उभ्या राहतात. घरातल्या भिंतीचाही त्यात काही संबंध असेल, असे मला कधी वाटले नव्हते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. सवडीने कादंबऱ्या लिहितो. पदार्थविज्ञान हा माझा प्रांत नव्हे. पण एका अन्यायाने मला त्या प्रांतात ढकलले, आणि तो अन्याय मीच केलेला होता.

२०२१ साली शाळा बंद होत्या. वाईच्या आमच्या जुन्या घरात, माडीवरच्या खोलीत, मुलगा मोबाईलवर तोंडी परीक्षेला बसला होता. तिसऱ्या प्रश्नाला पडद्यावरचे मास्तर थिजले, आवाज तुटला आणि परीक्षा हुकली. तो खाली येऊन म्हणाला, "बाबा, वायफाय वर पोचतच नाही." माजघरात माझी आई मोबाईलवर कीर्तन ऐकत बसली होती. ते अखंड चालू होते. मी तिकडे बोट दाखवून म्हणालो, "आजीचं कीर्तन चालतं, मग तुझीच परीक्षा कशी तुटते? रात्री गेम खेळताना बरी नाही तुटत!"

"तेव्हाही तुटतं," तो म्हणाला. मी त्याचा मोबाईल काढून घेतला. पुढे पंधरा दिवस तो माझ्याशी कामापुरतेच बोलत होता.

याच सुमारास एका कादंबरीसाठी मी बिनतारी संदेशांचा इतिहास वाचत होतो. त्यात हाइनरिख हर्ट्‌झ भेटला. जर्मनीत कार्ल्सरूहे येथे १८८८ साली त्याने जस्ताचे पत्रे वाकवून दोन मोठे आरसे केले. एकातून विद्युत्लहरी सोडायच्या. दुसऱ्यात त्या पोचल्या की बारीक ठिणगी उडायची. मध्ये लाकडी दार लावून घेतले तरी पलीकडच्या खोलीत ठिणगी दिसेच. परंतु वाटेत जस्ताचा पत्रा धरला की ती विझे. इतकेच काय, सहायक मधून चालत गेला तरी ती विझे आणि तो बाजूला होताच पुन्हा दिसे. लाकूड वाट देते. धातू आणि माणसाचा देह वाट अडवतात.

पुस्तक मिटून मी उठलो. आमचा राउटर कोठे होता? तार जेथून घरात येते त्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटामागे, जमिनीवर! हर्ट्‌झने जो पत्रा मुद्दाम आडवा धरला, तो मी नकळत कायमचा उभा करून ठेवला होता.

मग अधिक वाचत गेलो. १८९४ ते १८९६ या काळात जगदीशचंद्र बोस कलकत्त्यात याच लहरींवर प्रयोग करीत होते. त्यांनी दूरवर ठेवलेली घंटा वाजवली, दारू पेटवली. हर्ट्‌झची त्या प्रयोगातली लहर सुमारे ६६ सेंटिमीटर लांबीची होती. बोसांनी ती काही मिलिमीटरांपर्यंत खाली आणली. आज आपल्या घरातल्या लहरी या दोघांच्या मधल्या आहेत. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्‌झची सुमारे सहा. धाकटी पुष्कळ माल वाहते, पण भिंतीपुढे लवकर थकते. थोरली भिंत बरी ओलांडते. मात्र तिच्या वाटेवर शेजाऱ्यांचे राउटर आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांची गर्दी असते.

पण कीर्तन चालते आणि परीक्षा तुटते, हे कोडे राहिलेच होते. त्याचे उत्तर हवाई बेटांवर सापडले. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये 'अलोहानेट' चालू केले. बेटाबेटांवरची यंत्रे एकाच बिनतारी वाटेने संदेश पाठवीत. दोन संदेश आदळले तर दोघांनी कमीअधिक थांबून ते पुन्हा पाठवायचे, असा नियम. वायफायनेही याच विचाराचा वारसा घेतला. ते आधी कानोसा घेते, मग बोलते. सिग्नल दुबळा असला की संदेश पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो आणि वेळ जातो. ध्वनिमुद्रित कीर्तन पुढचे काही क्षण आधीच साठवून ठेवते, म्हणून त्यातला खोळंबा कळत नाही. परीक्षेतले उत्तर किंवा खेळातली चाल आधी साठवता येत नाही. ती त्या क्षणीच घडते. म्हणजे ज्या कीर्तनाचा मी मुलाविरुद्ध पुरावा केला, तो पुरावाच नव्हता.

उपाय मात्र आमच्या पुण्याकडच्या इतिहासाने सुचवला. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा संदेश पाठविण्याचे केंद्र खडकीला आणि घेण्याचे केंद्र दूर दौंडला ठेवले होते. जवळचा मोठा आवाज दुरून येणारा बारीक आवाज बुडवतो, हे त्यामागचे कारण. दुकानदार मला रिपीटर देऊ पाहत होता. पण साधा रिपीटर एकाच वाटेवर ऐकतो आणि बोलतो; त्याचा निम्मा वेळ ऐकण्यातच जातो. म्हणून मी राउटर कपाटामागून काढून माजघरात, मध्यावर आणि उंच फळीवर ठेवला. जिन्यावरून माडीपर्यंत तार ओढली आणि तिच्या टोकाला दुसरे यंत्र बसवले. गेमसाठी मुलाने त्यातूनच थेट तार घेतली. जेथे तार जाऊ शकते तेथे हवेवर भार टाकू नये, एवढे मला उमगले होते.

सगळे जोडून झाल्यावर मी त्याला म्हणालो, "त्या दिवशी तू खरं बोलत होतास. माझं चुकलं." वर्गात फळ्यावरची चूक मी लगेच पुसतो, हे वाक्य उच्चारायला मात्र मला पंधरा दिवस लागले.

तो काही बोलला नाही. जिन्यात माझ्या हातून तार सुटत होती, ती त्याने नीट खिळ्याला अडकवली. रात्री माडीवरून त्याच्या मित्रांचा कल्ला ऐकू आला, तेव्हा आई म्हणाली, "आज बरा हसतोय रे!"