लुन्फार्दो : ब्युनॉस आयर्सची बोली आणि पोलिसी दप्तर

स्पॅनिशमध्ये ‘मांगो’ म्हणजे आंबा. सुरीची मूठ हाही त्याचा एक अर्थ. अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनॉस आयर्समध्ये, एखादा म्हणाला की माझ्याजवळ एक मांगो नाही, तर तो कडकीत आहे असे समजावे. तेथील बोलीत मांगो म्हणजे पेसो. ‘पालो’ म्हणजे काठी, पण या शहरात दहा लाख पेसो. ‘काना’ म्हणजे पिकलेला केस, येथे पोलीस किंवा तुरुंग. या शब्दसंग्रहाला लुन्फार्दो म्हणतात. ‘चोरांची गुप्त भाषा’ अशी त्याची ओळख बराच काळ रूढ होती. ती ओळख कोणी करून दिली, हे पाहणे आवश्यक आहे.

लुन्फार्दोवरील सर्वांत जुन्या लेखनापैकी एक म्हणजे बेनिग्नो लुगोनेस यांचे १८७९ मधील ‘ला नासिओन’ या वृत्तपत्रातील लेख. लुगोनेस पोलीस खात्यात नोकरीला होते. त्यांच्या लेखनात ‘लुन्फार्दो’ या शब्दाचाच अर्थ चोर असा आहे. पुढे १८९४ मध्ये अंतोनिओ देय्येपियाने यांनी ‘गुन्ह्याची भाषा’ या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक लिहिले, शब्दकोशासह. ते कायद्याचे आणि गुन्हेगारीशास्त्राचे अभ्यासक. पोलीस ठाण्यात शब्द टिपणाऱ्याला ते आरोपीच्याच तोंडी सापडणार. गल्लीतला गवंडी किंवा गोदीतला हमाल तेच शब्द वापरत होता का, हे त्या दप्तरातून कळत नाही. साधनाची ही मर्यादा पुढे भाषेचाच दोष ठरली.

शहर तेव्हा झपाट्याने बदलत होते. १८६९ च्या जनगणनेत ब्युनॉस आयर्सची लोकसंख्या दोन लाखांच्या आत होती. १९१४ मध्ये ती पंधरा लाखांवर गेली आणि त्यांतील जवळजवळ निम्मे लोक परदेशांत जन्मलेले होते. इटालियन सर्वांत अधिक, त्याखालोखाल स्पॅनिश. एका अंगणाभोवती खोल्या आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब, अशा ‘कोन्व्हेन्तियो’ नावाच्या घरांत नवागत राहत. तेथे शब्दांची देवघेव झाली. कामाला ‘लाबुरो’ म्हणू लागले, ते इटालियन ‘लाव्होरो’वरून. जी भाषा चोरांची म्हणून बदनाम झाली, तिच्यातील एक अतिपरिचित शब्द कष्टाच्या कामाचा आहे! शब्द उलटे करण्याचीही हौस होती. ‘काफे’चे ‘फेका’, ‘तांगो’चे ‘गोतान’. या पद्धतीचे नाव ‘वेस्रे’. म्हणजे ‘रेवेस’, अर्थात उलट, हाच शब्द उलटा केलेला.

१९१७ मध्ये कार्लोस गार्देल यांनी पास्क्वाल कोन्तुर्सी यांचे शब्द असलेला ‘मी नोचे त्रिस्ते’ हा तांगो ध्वनिमुद्रित केला. गाण्यातून, आणि पुढे रेडिओवरून, लुन्फार्दो मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोहोचली. तेथे ती अनेकांना खुपली. जून १९४३ मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यानंतर रेडिओवरील गीतांच्या भाषेवर निर्बंध कडक झाले. भाषा ‘शुद्ध’ राखण्याच्या नावाखाली गीतकारांना ओळी बदलाव्या लागल्या. ‘लोस मारेआदोस’ (झिंगलेले) या तांगोचे शीर्षक बदलून ‘माझ्या भूतकाळात’ अशा अर्थाचे करावे लागले. ‘मारेआदोस’ तर लुन्फार्दो शब्दही नव्हे, साधी स्पॅनिश आहे. खटकले ते मद्यपान. म्हणजे शुद्धीची मोहीम केवळ शब्दांपुरती नव्हती, त्या शब्दांमागच्या जगण्यावरही तिचा रोख होता. १९४९ मध्ये गीतकारांचे शिष्टमंडळ राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांना भेटले आणि निर्बंध सैलावले.

जुन्या व्याख्येला नेमका विरोध केला तो होसे गोबेय्यो यांनी. त्यांचे ‘लुन्फार्दीआ’ १९५३ चे. स्थलांतरितांनी आणलेले आणि शहरातील सामान्यांनी उचललेले शब्द म्हणजे लुन्फार्दो, अशी त्यांची मांडणी होती. १९६२ मध्ये या बोलीच्या अभ्यासासाठी अकादमी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत गोबेय्यो होते. माद्रिदच्या रॉयल स्पॅनिश अकादमीच्या कोशात आज ‘लाबुरो’ आहे. अर्थ दिला आहे : काम.