दुर्गाबाई देशमुख : सेवेतून प्रशासनाकडे

दिल्ली मेट्रोच्या गुलाबी मार्गिकेवर २०१८ पासून 'दुर्गाबाई देशमुख दक्षिण परिसर' या नावाचे स्थानक आहे. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला हे आडनाव वाचून सहज आपलेपणा वाटतो. दुर्गाबाई मात्र जन्माने तेलुगू. १५ जुलै १९०९ रोजी त्यांचा जन्म झाला तो गोदावरीच्याच काठी, पण नाशिकपासून शेकडो मैल दूर, राजमहेंद्रीस. तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी २२ जानेवारी १९५३ रोजी त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्यांच्या सार्वजनिक कार्याला तीन दशके होऊन गेली होती. त्यांचे मोठेपण आडनावातून आलेले नाही, हे प्रारंभीच नोंदवलेले बरे.

१९२३ च्या काकीनाडा काँग्रेस अधिवेशनातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. खादी प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका असलेल्या चौदा वर्षांच्या दुर्गाबाईंनी तिकीट नाही म्हणून जवाहरलाल नेहरूंना अडवले. आयोजकांनी तिकीट आणून दिल्यावरच त्यांना आत सोडले. हा किस्सा धिटाईचा म्हणून सांगितला जातो. प्रशासनात वावरलेल्या माणसाला त्यात वेगळे काही दिसते: नियम सर्वांना सारखा, मग समोर कोणीही असो.

वयाच्या आठव्या वर्षी त्यांचा विवाह लावण्यात आला होता. जाणत्या झाल्यावर त्या या बंधनातून बाहेर पडल्या. मिठाच्या सत्याग्रहात आणि त्यानंतर त्यांना कारावास घडला. तुरुंगात त्यांना अशा स्त्रिया भेटल्या, ज्यांना आपला गुन्हा नेमका कोणता आणि शिक्षा कशाबद्दल, हेही उमगलेले नव्हते. न्यायालयाची भाषा वेगळी, कायदा अनोळखी आणि बाजू मांडणारे कोणी नाही. कायदा शिकण्याचा निश्चय त्यांनी तेथे केला. शालेय शिक्षण लहानपणीच खंडित झालेले असल्याने त्यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयाची मॅट्रिक परीक्षा दिली, पुढे पदवी घेतली आणि १९४२ मध्ये मद्रासला कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. याच वाटेवर, मद्रासमध्ये मुलींना मॅट्रिकसाठी शिकवता शिकवता, १९३७ मध्ये 'आंध्र महिला सभा' उभी राहिली.

संविधान सभेतील पंधरा स्त्रियांपैकी त्या एक. सभापतींच्या तालिकेवर तर त्या एकमेव महिला. राज्यसभेच्या सदस्यत्वासाठी मसुद्यात असलेली पस्तीस वर्षांची वयोमर्यादा तीसवर आणणारी दुरुस्ती त्यांनीच मांडली होती.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्या पराभूत झाल्या. नेहरूंनी त्यांना नियोजन आयोगावर घेतले आणि समाजसेवांचा विषय त्यांच्याकडे आला. त्यांच्यासमोरचा प्रश्न आजही प्रत्येक जिल्हाधिकाऱ्यासमोर असतो. सरकारजवळ पैसा असतो. पण अनाथ मूल, परित्यक्ता वा अपंग व्यक्तीच्या दारापर्यंत पोचणारे हात नसतात. सेवाभावी संस्थांजवळ हात असतात, पण पैसा नसतो. या दोहोंना जोडण्यासाठी ऑगस्ट १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पहिल्या पंचवार्षिक योजनेत या कामासाठी चार कोटी रुपये ठेवण्यात आले होते. मंडळात बिनसरकारी समाजसेवकांचे प्राबल्य होते आणि अर्थखात्याचा प्रतिनिधीही तेथेच बसे. त्यामुळे संमतीसाठी फायलीला खात्याखात्यांतून फिरावे लागण्याचे बरेचसे टळले. राज्यांतही अशीच मंडळे निघाली. खेड्यांसाठी बालवाडी, प्रसूतिसेवा आणि प्रौढ स्त्रियांचे साक्षरतावर्ग यांचे प्रकल्प सुरू झाले.

तथापि लवकरच अडचण आली. खेड्यात काम करायला शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका आणायच्या कोठून? त्यावर १९५८ मध्ये निघालेला उपाय म्हणजे प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम. शाळा सुटलेल्या विधवा, परित्यक्ता व गरजू स्त्रियांना सुमारे दोन वर्षांत परीक्षेस बसण्याइतके शिक्षण द्यायचे आणि पुढे कामासाठी तयार करायचे. स्वतः दुर्गाबाई ज्या वाटेने मॅट्रिक झाल्या, तीच वाट आता शासकीय योजना होऊन देशभरातील स्त्रियांसाठी खुली झाली. अनुभवाचे योजनेत रूपांतर कसे होते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

१९५३ मधील चीनच्या दौऱ्यात तेथील कौटुंबिक न्यायालये पाहून त्यांनी भारतातही तशी असावीत, असा आग्रह धरला. न्यायमूर्ती छगला व गजेंद्रगडकर यांच्याशीही त्यांनी याविषयी विचारविनिमय केला. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ मध्ये झाला. तो पाहण्यास त्या नव्हत्या. ९ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले होते.

नियोजन आयोग गेला, आणि समाजकल्याण मंडळही २०२२ मध्ये बंद करण्यात आले. संस्थांनाही आयुष्य असते. त्याबद्दल फार खेद करू नये. मात्र ज्या प्रश्नासाठी मंडळ निघाले, तो संपलेला नाही. अनुदानाचा अर्ज भरता न आल्याने मागे राहणारी स्त्री आणि आपला गुन्हा न कळलेली ती तुरुंगातील स्त्री यांच्यात फारसे अंतर नाही. दरवर्षी महिला दिनी आपण कर्तबगार स्त्रियांना शाल व श्रीफळ देतो. तेही अवश्य द्यावे. परंतु त्या दिवशी प्रत्येक कार्यालयाने आपला एखादा अर्ज सामान्य बाईला वाचता येईल अशा भाषेत पुन्हा लिहिला, तर दुर्गाबाईंचा तो खरा सन्मान होईल.